इलेक्ट्रिकलमधील पदव्युत्तर शिक्षण : आधी विषय, मग विद्यापीठ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निकालांचा हंगाम जवळ आला की सर्वच वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पुरवण्यांत पदव्युत्तर शिक्षणावर लेख येऊ लागतात. कोणत्या देशात जावे, कोणत्या विद्यापीठाचा जागतिक क्रमांक कितवा, व्हिसाची मुलाखत कशी द्यावी, अशा प्रश्नांवर त्यांचा मुख्य भर असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रिकल विभागात अध्यापन करून मी निवृत्त झालो आणि शिफारसपत्रासाठी जुने विद्यार्थी अजूनही घरी येतात, म्हणून या चर्चेतून सुटणाऱ्या एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः तिसऱ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ‘मला इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करायचे आहे’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी विचारतो, इलेक्ट्रिकलमधील कशात? दहापैकी आठ जण यावर एखाद्या विद्यापीठाचे नाव सांगतात.

पदवीच्या चार वर्षांत ट्रान्सफॉर्मरपासून मायक्रोकंट्रोलरपर्यंत सगळ्याची तोंडओळख होते. पदव्युत्तर शिक्षणात मात्र यांतील एकच वाट धरावी लागते आणि ती प्रवेशाच्या वेळीच धरावी लागते. आयआयटी मुंबईच्या एकाच इलेक्ट्रिकल विभागात संदेशवहन, नियंत्रण व संगणन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स व पॉवर सिस्टिम्स, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी अशा स्वतंत्र शाखा आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तर हे विषय वेगवेगळ्या विभागांत वाटले गेले आहेत. विद्यार्थी मात्र पसंतीक्रम भरताना संस्थेचे नाव पाहतो, शाखा कोणती मिळेल ती मिळो, असे म्हणतो आणि पहिल्या सत्रात त्याच्या लक्षात येते की आपण ज्या विषयाला टाळत आलो तोच आता दोन वर्षे मानगुटीवर बसणार आहे.

पॉवर सिस्टिम्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स ही नावे जोडीने येतात, म्हणून ती सारखीच वाटतात. प्रत्यक्षात पॉवर सिस्टिम्सच्या विद्यार्थ्याचा बराच वेळ संगणकासमोर जातो: शेकडो उपकेंद्रांच्या जाळ्यात एक वाहिनी तुटली तर भार कोठे वळेल, कोणता रिले (बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणारे संरक्षक उपकरण) किती मिलिसेकंदांत सुटेल, कोणते जनित्र ताल सोडेल, याची गणिते तो मांडतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या हातात सोल्डरिंगची लोखंडी कांडी आणि समोर ऑसिलोस्कोप असतो. त्याने तयार केलेला कन्व्हर्टर (विजेचे रूप बदलणारे उपकरण) पहिल्या चाचणीत फटकन उडतो आणि तो का उडाला हे शोधण्यात पंधरवडा जातो. एकाला मॅट्रिक्सचा कंटाळा असून चालत नाही, दुसऱ्याला हात भाजण्याची भीती असून चालत नाही. कंट्रोलकडे जाणाऱ्याने तर रेषीय बीजगणित पुन्हा मुळापासून करावे, कारण एम-थ्री (अभियांत्रिकी गणिताचा तिसरा पेपर) सुटला त्या दिवशी गणिताच्या नावाने अंघोळ केलेला विद्यार्थी तेथे टिकत नाही.

इलेक्ट्रिकलचे कितीतरी हुशार विद्यार्थी ‘पॉवरमध्ये आता नवीन काय राहिले आहे’ असे म्हणून डेटा सायन्सकडे वळतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. ज्याला संगणकशास्त्राची खरी ओढ आहे त्याने खुशाल जावे. पण पॉवरमध्ये काही उरले नाही हे कारण मात्र खरे नाही. औष्णिक केंद्रातले जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि त्याच्या अवजड रोटरमध्ये साठलेली ऊर्जा ग्रिडला बसलेला धक्का पहिल्या काही क्षणांत पचवते. सौर पॅनेलला असा रोटर नाही. ते पॅनेल इन्व्हर्टरमधून (एकदिश विजेची प्रत्यावर्ती वीज करणाऱ्या उपकरणातून) ग्रिडला जोडले जाते आणि इन्व्हर्टरने धक्क्याच्या वेळी कसे वागावे हे त्यातील नियंत्रणप्रणालीवर अवलंबून असते. सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढत जाईल तसा हा प्रश्न अधिकाधिक अवघड होत जाणार आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश भरदुपारी अंधारात गेले. व्होल्टेज आवाक्याबाहेर चढत गेले आणि वीजकेंद्रे एकामागून एक ग्रिडपासून सुटत गेली. जुलै २०१२ मध्ये आपल्या उत्तर आणि पूर्व भारताने आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईने, वेगळ्या कारणांनी का होईना, ग्रिड कोसळणे म्हणजे काय याचा अनुभव घेतला आहे. आपल्या राज्यात चंद्रपूर ते पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची ±५०० केव्हीची एकदिश उच्चदाब वाहिनी १५०० मेगावॉट वाहून नेण्यासाठी उभी आहे, तिच्या दोन्ही टोकांची कन्व्हर्टर केंद्रे म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची शाळाच. आणि कृषी वाहिन्यांवर सौर प्रकल्प बसू लागल्यापासून, एरवी एकाच दिशेने वाहणारी वीज गावच्या उपकेंद्रात दुपारी उलटी वाहू लागते, तेव्हा तेथील संरक्षण यंत्रणेची जुनी गृहीतके तपासून पाहावी लागतात. एवढे विषय अंगणात असताना नवीन काय राहिले, असे विचारणे मला पटत नाही.

ग्वाल्हेरला जन्मलेले अरुण फडके व्हर्जिनिया टेकमध्ये संरक्षण रिलेच्या संशोधनात रमले आणि १९८८ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतून फेजर मापन यंत्र बाहेर पडले. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या उपकेंद्रांतील व्होल्टेजची एकाच क्षणी, उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून मोजणी करणारे हे यंत्र आज जगभरच्या ग्रिडमध्ये आहे. त्यासाठी २००८ मध्ये त्यांना आणि जेम्स थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. त्या विद्यापीठाचा सर्वसाधारण क्रमांक पाहून कोणी त्याला पहिल्या दहांत बसवणार नाही, पण पॉवरच्या क्षेत्रात त्याचे नाव आदराने घेतले जाते. विद्युत यंत्रे आणि ड्राइव्ह यांसाठी मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची अशीच ख्याती आहे. क्रमवारीच्या कोष्टकात हे दिसत नाही. त्यासाठी विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन प्राध्यापकांची गेल्या तीन-चार वर्षांतली कामे पाहावी लागतात, निदान त्यांची शीर्षके तरी समजतात का हे स्वतःला विचारावे लागते.

अर्जासोबतच्या एसओपीबद्दलही, म्हणजे हा विषय का शिकायचा आहे ते सांगणाऱ्या निवेदनाबद्दलही, सांगितले पाहिजे. साखर कारखान्याच्या गावातला एक विद्यार्थी अमेरिकेतील विद्यापीठांसाठी शिफारसपत्र मागायला आला. त्याने आणलेल्या एसओपीची सुरुवात, लहानपणी घरातला दिवा कसा लागतो याचे आपल्याला कुतूहल होते, अशी होती. त्याच आठवड्यात त्याच समुपदेशकाकडून आलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे कुतूहलही त्याच दिव्यापासून सुरू झाले होते. साखर कारखान्याच्या गावातल्या त्या विद्यार्थ्याला मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयी विचारले. कारखान्यात कपॅसिटर बँकेचे फ्यूज दर गाळप हंगामात वारंवार जात होते आणि वायरमन मुकाट्याने नवे फ्यूज टाकत होते. या मुलाने महाविद्यालयाचा पॉवर अॅनालायझर नेऊन मोजमाप घेतले, तेव्हा नव्याने बसवलेल्या, मोटारींचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी उपकरणांमुळे पाचवा हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पाचपट वारंवारितेचा प्रवाह) बेसुमार वाढलेला आढळला आणि कपॅसिटर बँक व ट्रान्सफॉर्मर मिळून नेमके त्याच वारंवारितेच्या आसपास अनुनादात येत होते. कपॅसिटरच्या मालिकेत सात टक्क्यांचा रिअॅक्टर घालावा, हा उपाय त्याने सुचवला होता. हे सारे एसओपीत का लिहिले नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, ते कारखान्यातलं साधं काम होतं.” त्याने एसओपी नव्याने, त्या फ्यूजपासून लिहिली. प्रवेश समितीला, हा विद्यार्थी एखाद्या प्रश्नाचा माग कसा काढतो, एवढेच हवे असते. आणि आपल्याला वीजगुणवत्ता या विषयात रस आहे हे त्या मुलालाही तो मजकूर लिहितानाच उमगले.

देशातच शिकायचे असेल तर गेट परीक्षेला पर्याय नाही, असे म्हटले तरी चालेल. बंगळुरूची विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी आळीपाळीने ती घेतात. अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातील १५ गुण सामान्य क्षमतेला आणि साधारण १३ अभियांत्रिकी गणिताला असतात, म्हणजे इलेक्ट्रिकलच्या एकाही विषयाला हात न लावता चौथ्या हिश्शाहून अधिक परीक्षा तेथेच असते, आणि नेमका हाच भाग शेवटच्या महिन्यासाठी ठेवला जातो. २०२१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते व गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात. तिसऱ्या वर्षी एकदा बसून पाहावे, हा माझा आग्रह असतो; अपयश आले तरी कोठे कच्चे आहोत ते कळते, आणि यश आले तर एखादे वर्ष नोकरी करूनही ते गुण वापरता येतात. पॉवर सिस्टिम्सच्या बाबतीत मी नोकरीचा मार्ग अधिक पसंत करतो. उपकेंद्रात वर्षभर रिले तपासलेला माणूस संरक्षणाचा अभ्यासक्रम ज्या नजरेने वाचतो ती नजर थेट आलेल्याला नसते.

निकालानंतर आयआयटींना स्वतंत्र अर्ज करावे लागतात आणि जागांचे प्रस्ताव सीओएपी या सामायिक पोर्टलवर येतात. एनआयटींसाठी, म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी, सीसीएमटी ही वेगळी समुपदेशन प्रक्रिया आहे. या दोहोंत गल्लत होऊन अर्जाची मुदत गेलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहिले आहेत. गेटद्वारे प्रवेश घेणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते व त्याबदल्यात आठवड्याला आठ तास प्रयोगशाळा किंवा शिकवणीचे काम असते. ज्यांना संशोधनाची गोडी आहे त्यांनी आयआयटी मुंबईतील तीन वर्षांच्या संशोधन साहाय्यक गटाचा किंवा अन्य संस्थांतील संशोधनावर आधारित पदवीचाही विचार करावा. एक वर्ष अधिक जाते, पण त्या काळात प्रयोगशाळेशी जे नाते जुळते ते पुढे पीएच.डी.साठी उपयोगी पडते. गेटच्या गुणांवर एनटीपीसी, पॉवरग्रिड यांसारख्या सार्वजनिक कंपन्याही भरती करीत आल्या आहेत. अशी नोकरी हेच उद्दिष्ट असेल तर ते आधीच ठरवावे. एम.टेक.ची जागा अडवून ठेवायची आणि पत्र आले की सत्राच्या मध्यावर निघून जायचे, यात नियमभंग नसला तरी मागच्या क्रमांकावरच्या एखाद्याची संधी जाते.

राज्यातील महाविद्यालयांविषयी थोडक्यात. मुंबईची व्हीजेटीआय, पुण्याची सीओईपी, सांगलीचे वालचंद या जुन्या संस्थांचे नाव त्यांनी कमावलेले आहे. इतरत्र मात्र गेटशिवाय पदवीच्या गुणांवर एम.टेक.ला सहज जागा मिळते म्हणून प्रवेश घेऊ नये, विद्यावेतनही अशा प्रवेशाला मिळत नाही. आधी विभागात जाऊन, मागच्या दोन तुकड्यांचे प्रबंध दाखवा, असे सांगावे. सगळे प्रबंध मॅटलॅबमधील एकाच उदाहरणाभोवती फिरणारे असतील तर काय ते समजून घ्यावे.

परदेशाचा विचार करणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत सध्या जर्मनीचे नाव पहिले निघते, कारण तेथे शुल्क नाही असे सर्वांना ठाऊक असते. हे बव्हंशी खरे आहे, पण सरसकट खरे नाही. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात तेथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रतिसत्र १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे. आखेन किंवा डार्मश्टाटला ते नाही. राहण्याच्या खर्चासाठी बंद खात्यात ठेवायची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो झाली. त्याशिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस या शैक्षणिक कागदपत्रे पडताळणाऱ्या केंद्राचे प्रमाणपत्र सक्तीचे असून त्याला लागणारा वेळ हिशेबात धरला नाही तर पुढचे सारे वेळापत्रक कोलमडते.

जर्मन गुणांतराचे सूत्र फार थोड्यांना माहीत असते. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. उत्तर जितके लहान तितके चांगले. सीजीपीए दहापैकी ७.६ असेल आणि उत्तीर्णतेचा किमान अंक ४ धरला तर उत्तर २.२ येते. तोच किमान अंक ५ धरला गेला तर २.४४ येते. विद्यार्थी तोच, गुण तेच, पण अनेक अभ्यासक्रमांची दारे या दोन आकड्यांच्या दरम्यान बंद होतात. म्हणून आपल्या विद्यापीठाचा उत्तीर्णतेचा अंक कोणता, याचे अधिकृत पत्र परीक्षा विभागाकडून वेळेत घ्यावे आणि सोबत संपूर्ण अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रतही ठेवावी, कारण विद्युतक्षेत्र सिद्धांत, गणित, मंडले या विषयांचे श्रेयांक पुरेसे आहेत का, हे तेथे विषयवार तपासले जाते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरी बहुतांशी जर्मन भाषेत असते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत. दुसऱ्या वर्षापासून जर्मन शिकायला लागलेला विद्यार्थी चौथ्या वर्षाच्या अखेरीस बी-१ या मध्यम पातळीपर्यंत सहज पोहोचतो. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात; भाषा येत नसेल तर त्यातले सहा महिने भाषेच्या वर्गातच जातात.

अमेरिकेचे अर्ज ऑगस्टच्या सत्रासाठी आदल्या डिसेंबर-जानेवारीत द्यावे लागतात. शिक्षणानंतर १२ महिने आणि अभियांत्रिकीसाठी आणखी २४ महिने काम करण्याची मुभा आहे, पुढच्या व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात आणि त्यांवर विसंबून कर्ज काढू नये. कर्जाचे गणित घरात सर्वांनी बसून मांडावे. तीस लाख रुपये दहा टक्के दराने घेतले आणि सोयीसाठी सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे धरले, तर दोन वर्षांच्या शिक्षणात सहा लाख व्याज चढते. ३६ लाखांची दहा वर्षांत परतफेड करायची तर हप्ता साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास जातो. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता जड नाही. पुण्याला परत येऊन पहिली नोकरी धरली तर बराचसा पगार त्यात जाईल. ग्रामीण पालकांची अडचण आणखी वेगळी आहे. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. शेतजमिनीवर मात्र बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याने जप्ती आणता येत नाही, त्यामुळे दहा एकर बागायत असलेल्या शेतकऱ्यालाही बँक नकार देते आणि शहरात एका खोलीची सदनिका असलेल्याला कर्ज मंजूर होते. प्रवेशपत्र हाती आल्यावर हे कळले की मग बिनतारणी कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या चढ्या दरांना पर्याय उरत नाही. बँकेच्या शाखेत ही चौकशी वर्षभर आधी करावी.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि जे. एन. टाटा एंडॉवमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देत आले आहे. शासकीय शिष्यवृत्तीला ठरावीक जागतिक क्रमांकाच्या आतील विद्यापीठ लागते, त्यामुळे तेथे क्रमांकाला पर्याय नाही, हे मी वर क्रमवारीविषयी जे लिहिले त्याला जोडून सांगितले पाहिजे. अशा विद्यार्थ्याने आधी त्या यादीत उतरावे आणि मग यादीच्या आत आपल्या विषयाचा विभाग शोधावा.

आपल्या पुरवणीकडे माझी एक मागणी आहे. परदेशी शिक्षणाच्या विशेषांकाऐवजी किंवा त्याच्या जोडीला, जूनपासून पुढच्या जूनपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक चौकट द्यावी: गेटचा अर्ज, एपीएस, अमेरिकेतील विद्यापीठांच्या मुदती, सीओएपी आणि सीसीएमटीच्या फेऱ्या, राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती, यांपैकी त्या महिन्यात जे येत असेल ते अधिकृत तारखांसह. त्याच चौकटीत एकेका शाखेत काम करणाऱ्या अभियंत्याला, तुम्ही दिवसभर नेमके काय करता, एवढाच एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर छापावे. मुंबई-पुण्याच्या मुलांना हे कोणी ना कोणी सांगते. उमरगा, मूर्तिजापूर किंवा कणकवलीच्या मुलाच्या हाती आपले वृत्तपत्र पडते. पहिल्या काही महिन्यांचा मजकूर जमवण्यास मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला मदत करू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक,
सातारा